भुवनेश्वरीच्या नावाचं बोट

दसऱ्याच्या सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी भुवनेश्वरीनं संगणकावरचा झेंडूचा हार बाजूला केला, बटण दाबलं, आणि पडदा लाल झाला.

त्याच वेळी पाठीमागं दाराच्या कुलपात खट् झालं. मग भिंतीवरचं थंड हवेचं यंत्र घरघरलं आणि गप बसलं.

खोलीत पाच माणसं होती. ती पाचही आधी पडद्याकडं बघत राहिली आणि मग दाराकडं.

उमरग्याच्या बाहेर, हैदराबाद रस्त्याला लागून सिद्धम्माचं दूध थंड करायचं केंद्र. चाळीस गावांचं दूध इथं यायचं, टाक्यांत गार व्हायचं आणि टँकरनं हैदराबादला जायचं. दोन म्हशींवर सुरू केलेला हा पसारा सिद्धम्मानं अंगठा उठवून वाढवला होता. शाळेचं तोंड तिनं पाहिलं ते मुलांना सोडायला गेली तेवढंच. पण दुधात पाणी किती हे ती बोट बुडवून सांगायची, आणि माणसात किती हे बोट न बुडवता.

वरच्या मजल्यावरची ही यंत्रखोली तिला कधी आवडली नव्हती. खिडक्यांना गज, दाराला लोखंड, आणि दाराशेजारी आत एक, बाहेर एक, बोट ठेवायचा डबा. ओळखीचं बोट असलं की डबा बाईच्या आवाजात नाव घेऊन धन्यवाद म्हणायचा आणि दार उघडायचं. सिद्धम्माची बोटं चाळीस वर्षं धारा काढून आणि तव्यावरची भाकरी उलटून गुळगुळीत झालेली. तिला डबा एकच म्हणायचा, “पुन्हा प्रयत्न करा.” स्वतःच्या पैशानं बांधलेल्या खोलीत जायला तिला दार वाजवून उभं राहावं लागायचं.

“पोरी, काय लिवलंय त्यावर?” तिनं मैथिलीला विचारलं.

मैथिली मूळ तुळजापूरची, नोकरीला पुण्यात. नवरात्राला माहेरी आली होती ती हेच काम अंगावर घेऊन. हैदराबादची मोठी डेअरी पाच वर्षांचा करार करायला तयार होती, पण अट घालून. कुणी संगणकांवर हल्ला केला तर हे केंद्र किती तयारीत आहे, ते तपासून अहवाल द्या. तो अहवाल आज संध्याकाळी जायचा होता.

मैथिलीनं पडद्यावरचा मजकूर मराठीत सांगितला. सगळ्या नोंदींना कुलूप घातलंय. उघडायला एक परवलीचा शब्द लागेल. तो हवा असेल तर खालच्या पत्त्यावर लिहा.

“आन दार?” सिद्धम्मानं विचारलं.

या प्रश्नावर पंचाक्षरी खाली मान घालून उभा राहिला. संगणकाचं सगळं काम यानं मांडलेलं. त्यानं चाचरत कबूल केलं की दार, कॅमेरे आणि खालचं गार करायचं यंत्र, सगळं या एकाच संगणकाला जोडलंय. बंद असला तर दार आणि यंत्र आपलं आपण चालतात, पण चालू असून तोच अडकला म्हणजे सगळंच अडकलं. वीज तोडली तरी कुलूप उघडत नाही. चोर वीज तोडतील म्हणून मुद्दाम तसलं घेतलं होतं.

“म्हंजी चोर भाईर आन धनी आत,” सिद्धम्मा म्हणाली. “लई हुशार हाईस बाबा.”

 हीच गोष्ट मैथिलीनं पहिल्या दिवशी आपल्या वहीत पहिल्या क्रमांकावर लिहिली होती. दुसऱ्या क्रमांकावर लिहिलं होतं, बोटाचे डबे स्क्रूनं न बसवता चिकटपट्टीवर चिकटवले आहेत. असं का, म्हणून तिनं विचारलं तेव्हा सिद्धम्मानं फणकाऱ्यानं सांगितलं होतं, बसवणारा आला तो पंचमीच्या दिवशी. नागाच्या सणाला भिंतीला भोक पाडू देईन का म्या? चिकटवून जा म्हटलं, तो चिकटवून गेला.

फोन चालू होते, एवढं बरं होतं. सिद्धम्माच्या थोरल्या मुलानं, गौरीशंकरनं, वेल्डिंगवाल्या महालिंगप्पाला फोन लावला. डाव्या हाताच्या करंगळीला पट्टी, त्यामुळं फोन उजव्या हातात. काल संध्याकाळी नारळ सोलताना कोयता लागला, असं त्यानं सकाळीच मैथिलीला सांगितलं होतं. आज सगळ्यांची बोटं डब्यावर पुन्हा तपासायची असं तिनं परवापासून बजावलं होतं, म्हणून सांगावं लागलं. पट्टीचं बोट राहू द्या, बाकीची चालतील, असं ती म्हणाली होती.

महालिंगप्पा मुरूम गावी होता. त्याचं गॅसचं कटर खंडेनवमीच्या पूजेत मांडलेलं. शिलंगणाआधी हत्याराला हात लावणार नाही, म्हणाला. माणसं आत कोंडलीत म्हटल्यावर नरमला. पूजा हलवून एक वाजेपर्यंत येतो, म्हणाला.

एक वाजायला अडीच तास होते.

तेवढ्यात खालून बब्रुवानची हाक आली. टाक्यांवर राबणारा जुना माणूस. गजाशी जाऊन सिद्धम्मानं खाली पाहिलं. यंत्र बंद पडलंय, हातानं सुरू होत नाही, म्हणाला. सकाळचं दूध नुकतंच टाकीत पडलेलं, अजून कोमट. बाराच्या पुढं त्याचा भरवसा नाही. गावांच्या गाड्या अजून येतच होत्या.

“गाड्या माघारी लाव,” तिनं सांगितलं. “आन टाकीवर ओली पोती टाक.”

ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर चढायला लागलं होतं. खोलीत हवा उरली नव्हती. सिद्धम्मानं पदरानं मान पुसली आणि खुर्चीवर बसली. दार उघडत नव्हतं तर निदान तोंडं उघडायला हरकत नव्हती.

मैथिलीनं विचारायला सुरुवात केली.

“हा संगणक शेवटचा कुणी वापरला?”

“काल पूजेआधी मी,” भुवनेश्वरी सिद्धम्माकडं बघत म्हणाली. “बाराला बंद केला. अव्वांनी विभूती लावली, हार घातला. नंतर कुणीच न्हाय.”

“कॅमेरे?”

“त्याच्यावरच चालतात, मी सुरू केले तरच. तेबी बंद.”

“म्हणजे काल बारापासून आज सकाळपर्यंत इथं कोण आलं हे फक्त दाराचा डबा सांगू शकेल. त्याची आठवण वेगळी असते आणि तो बॅटरीवर चालतो.” मैथिलीनं आतल्या डब्याची बटणं दाबली आणि छोट्या पडद्यावरच्या ओळी वाचल्या. मग थांबली. पुन्हा वाचल्या. “काल दुपारी चार दहाला दार उघडलं. चार सव्वीसला पुन्हा. दोन्ही वेळा एकच नाव आहे.”

“कुणाचं?” गौरीशंकरनं विचारलं.

“भुवनेश्वरी.”

भुवनेश्वरी उठून उभी राहिली. ती सिद्धम्माची धाकटी सून. धाकटा शिवपुत्र तीन वर्षांमागं मोटारसायकलवरून पडून गेला. तेव्हा भावकीनं सांगितलं, पोरीला आळंदला माहेरी लावून द्या. सिद्धम्मानं भावकीला चहा पाजून वाटंला लावलं आणि सुनेला या संगणकाच्या खुर्चीत बसवलं. गेल्या महिन्यात तर यंत्रखोलीचा सगळा कारभारच तिच्या हाती दिला. मैथिलीच्या अहवालात जबाबदार व्यक्ती म्हणून जे नाव जायचं होतं, ते तिचंच होतं. आता तिच्या नावासमोर हे लिहिलं गेलं, तर घरात तिला उभं राहायला जागा उरणार नव्हती. आणि सिद्धम्माच्या शब्दालाही.

“काल चारला कुठं होतीस?” सिद्धम्मानं विचारलं. आवाजात माया ठेवली नाही.

“घरीच, अव्वा. विळी पूजेला मांडलेली, म्हणून रातच्यासाठी गवार हातानं मोडत बसले होते.”

“कुणी पाह्यलं?”

“तुम्ही झोपला होता. जाऊबाई देवळात गेल्या होत्या.”

पंचाक्षरी म्हणाला तो काल दिवसभर त्याच्या गावी होता. गौरीशंकर म्हणाला तो आपट्याच्या पानांसाठी बाजारात होता. गजातून बब्रुवानला विचारलं, तर तो म्हणाला, चारला संध्याकाळच्या दुधाच्या गाड्या लागतात. घरचं कोण आलं कोण गेलं हे कोण बघत बसतंय?

“आता आनिक काय इचारायचं राह्यलं?” गौरीशंकर म्हणाला. “यंत्राला ना दीर ना जाऊ. ते खोटं बोलत न्हाय. पेनड्राइव्ह लावला, हार पुन्हा घातला, झालं काम. अव्वा, म्या तुला आधीच म्हटलं होतं. हे केंद्र चालवणं आपलं काम राह्यलं न्हाय. सोलापूरच्या डेअरीचा मालक मागत होता तवाच द्यायला पायजे होतं.”

श्रावणातच त्यानं हा विषय काढला होता. तेव्हा सिद्धम्मानं पुढ्यातलं ताट सरकवून दिलं होतं. आज सरकवायला ताट नव्हतं. 

भुवनेश्वरी रडली नाही. दार उघडलं की मी आळंदला जाते, एवढंच म्हणाली. तुमच्या घरात माझ्यामुळं पोलीस नकोत.

“बस खाली,” सिद्धम्मा म्हणाली. “दार उघडलं तर जाशील न्हवं.”

साडेअकरा झाले. मैथिलीनं आपल्या संगणकावरून पुण्याला कुणाकुणाला विचारलं आणि मान हलवली. तो शब्द मिळाल्याशिवाय काही होण्यासारखं नव्हतं, आणि तो करणाऱ्यालाच ठाऊक असणार. पंचाक्षरीनं दाराला दोनदा खांदा दिला आणि खांदा चोळत बसला. झेंडूचा वास गरम खोलीत कुबट व्हायला लागला. गौरीशंकर सारखा खिडकीशी जात होता, खाली टाक्यांकडं बघत होता आणि परत येत होता. त्याच्या सदऱ्याची पाठ ओली झाली होती.

सिद्धम्मा दाराकडं बघत होती. बघायला दुसरं काही नव्हतंच. त्या डब्याचा एक कोपरा भिंतीपासून सुटला होता आणि मागची चिकटपट्टी जिभेसारखी बाहेर आली होती. पंचमी. तिनं त्या माणसाला मशीन उचलू दिलं नव्हतं. खाली अंगणात त्याच्याशी भांडली होती. घरात त्या दिवशी ना तवा होता ना विळी. दिंडं उकडली होती. झोका बांधला होता. आणि झोक्यावर…

झोका रिकामाच होता.

“मैथिलीबाई,” ती सावकाश म्हणाली, “या डब्यात हिचं बोट कवा घेतलं, ते दिसतंय का?”

मैथिलीनं बटणं दाबली. “सगळ्यांची नावं एकाच दिवशी घेतलीत. एकोणतीस जुलै.”

“त्या दिशी काय होतं?”

मैथिलीनं फोनवर पंचांग पाहिलं. “नागपंचमी.”

“भुवना, पंचमीला कुठं होतीस?”

“आळंदला,” भुवनेश्वरी म्हणाली. “भाऊ न्यायला आला होता. पंचमीला माहेरीच असते मी दरवर्षी.” ते तोंडातून निघालं आणि ती थांबली. “चार दिवसांनी आले. मग पंचाक्षरींनी माझा अंगठा घेतला.”

“चार दिसांनी. मग पंचमीला आळंदवरून बोट कुणी धाडलं?”

 सिद्धम्मानं पंचाक्षरीकडं मान वळवली. तो घामानं निथळत होता. त्यानं सांगितलं ते असं. बसवणारा सोलापूरहून एकदाच येणार होता. आजच्या आज सगळी नावं भरा म्हणाला. जे हजर नव्हते त्यांच्या नावावर हजर असलेल्यांचं कुठलंतरी बोट घेतलं. पुढं बदलू म्हटलं होतं. बाकीच्यांची बदलली. वहिनींचा अंगठा वाढवला, पण आधीचं बोट काढायचं राहून गेलं.

“कुणाचं बोट?”

“अव्वा, शपथ घेतो, मी तवा खाली वायर ओढत होतो. वर गर्दी होती.”

“घे शपथ. पण आधी बोटं दाखव. धाच्या धा.”

डबा दाराला आज्ञा देऊ शकत नव्हता, पण नाव अजून घेत होता. पंचाक्षरीनं दहा बोटं एकामागून एक ठेवली. एकदा त्याचं नाव आलं, नऊदा ‘पुन्हा प्रयत्न करा.’ भुवनेश्वरीनं ठेवली. उजव्या अंगठ्याला तिचं नाव आलं, बाकी नऊ कोरी. मग गौरीशंकर उठला. तो जरा जास्तच सावकाश उठला. उजव्या अंगठ्याला त्याचं स्वतःचं नाव आलं. बाकी आठ बोटांना डबा नाही म्हणाला.

“नऊ झाली,” सिद्धम्मा म्हणाली.

“धाव्याला जखम हाय. बाईंनी राहू द्या म्हटलंय.”

“बाईला काय ठाव. कशानं लागलं म्हणालास?”

“कोयत्यानं. नारळ सोलताना.”

“कवा?”

“काल सांजच्याला.”

सिद्धम्मा उठली. गुडघे कुरकुरले तरी आधार न घेता उठली आणि मुलाच्या समोर जाऊन उभी राहिली.

“काल खंडेनवमी. सकाळी कोयत्याला कुंकू तूच लावलंस. थोरला म्हणून तुझ्या हातानं म्या पूजा मांडून घेतली. कोयता, विळी, कात्री, समदं पाटावर मांडलं. घरात एक पातं हलवलं न्हाय. या पोरीनं गवार हातानं मोडली. आन तू म्हणतोस, सांजच्याला कोयता चालवला. पूजेतला कोयता उचलणारा या घरात अजून जन्मला न्हाय, गौऱ्या. तूबी उचलला न्हाईस. तुला खोटं बोलायला दिवसबी धड निवडता आला न्हाय.”

“अव्वा…”

“सांगू का काय झालं?” आता ती मैथिलीकडं बघून बोलत होती, कारण मुलाकडं बघून बोलवत नव्हतं. “पंचमीला ही माहेरी होती. यानं आपली करंगळी हिच्या नावावर ठेवली. तवा मनात पाप नसंल. म्या खाली भांडत होते, हा वर बसून काम उरकत होता. मग म्या हिच्या हाती कारभार दिला आन याला ती करंगळी आठवली. काल पूजा झाल्यावर खोली निजली, कॅमेरे निजले, म्या निजले. चारला हा आला. हिच्या नावानं आत गेला, आपलं काम केलं, हार जागच्या जागी घातला आन हिच्या नावानं भाईर पडला. आज ही बटण दाबील, पडदा लाल व्हईल, बाईच्या अहवालात हिचं नाव जाईल. मग सून माहेरी आन केंद्र सोलापुरी. पण बाई बोटं तपासणार म्हटल्यावर करंगळी लपवायला पायजे. म्हणून पट्टी.”

तिनं हात पुढं केला. “सोड ती.”

गौरीशंकरनं मैथिलीकडं पाहिलं, मग पंचाक्षरीकडं. कुणाच्याच तोंडावर त्याला वाट दिसली नाही. त्यानं पट्टी सोडली. करंगळीवर ओरखडासुद्धा नव्हता.

त्यानं ती डब्यावर ठेवली.

“भुवनेश्वरी,” डबा गोड आवाजात म्हणाला. “धन्यवाद.”

खाली बब्रुवान कुणावर तरी ओरडत होता. पोती वाळली होती.

“दार लागंल हे मला ठाव नव्हतं,” गौरीशंकर म्हणाला. “सोलापूरच्या मालकानं पेनड्राइव्ह दिला, म्हणाला, फक्त नोंदी अडकतील. दूध बंद पडंल असं वाटलं नव्हतं. शब्द माझ्यापाशी हाय. पण तो टाकला असता तर…”

“तर कळलं असतं. म्हणून दीड तास आईला उकडत बसवलंस.”

“तू पोलिसात देणार मला?”

“आधी दार,” सिद्धम्मा म्हणाली. “दूध नासतंय.”

तो खुर्चीत बसला. चुकत, पुन्हा दाबत त्यानं तो शब्द टाकला. पडद्याचा लाल रंग गेला. कुलपात खट् झालं आणि खालून यंत्राची घरघर वर आली. बाराला दहा कमी होती. बब्रुवाननं दोन्ही टाक्यांतलं थोडं थोडं उकळून पाहिलं. एक टाकी वाचली. दुसरीतलं दूध फाटलं.

गौरीशंकर सगळ्यांच्या आधी बाहेर पडला. त्याला कुणी अडवलं नाही.

अहवालात काय लिहू, म्हणून मैथिलीनं विचारलं. आवाजात संकोच होता. सिद्धम्मानं सांगितलं, झालं ते लिहा. एका संगणकाला सगळं बांधलं होतं, लिहा. भलत्याचं बोट भलत्याच्या नावावर होतं, लिहा. करंगळी कुणाची, तेबी लिहा. करार गेला तर जाईल. दूध मी आधीबी विकलंय.

“आणि जबाबदार व्यक्ती?”

“तिथं नाव लिवलेलं हाय न्हवं? मग खोडू नका.”

मग शिलंगण झाल्यावर तिनं बब्रुवानला भिंतीला भोक पाडायचं मशीन आणायला पिटाळलं. आज दसरा होता, भोक पाडायला कुणाची ना नव्हती. डब्यातली सगळी नावं पुसली. दोन्ही डबे चार-चार स्क्रूंवर बसले. पहिलं बोट भुवनेश्वरीचं घेतलं, सिद्धम्माच्या डोळ्यांदेखत. पंचाक्षरीनं पुढचं नाव विचारलं तेव्हा सिद्धम्मा म्हणाली, आज एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भुवनेश्वरीसोबत यंत्रखोलीत आली आणि खिडकीशी बसली. हैदराबादहून काही निरोप आला नव्हता. पोलिसांचा फोन नंबर मैथिलीनं एका चिठ्ठीवर लिहून दिला होता. ती चिठ्ठी तिच्या कनवटीला होती, अजून दुमडलेली.

नऊच्या सुमारास जिन्यावर पावलं वाजली. ओळखीची पावलं. ती दाराशी येऊन थांबली.

“पुन्हा प्रयत्न करा,” बाहेरचा डबा म्हणाला.

भुवनेश्वरी उठायला लागली. सिद्धम्मानं तिच्या मनगटावर हात ठेवला.

“पुन्हा प्रयत्न करा.”

ते शब्द तिनं आजवर दाराच्या त्या बाजूला उभं राहून ऐकले होते. आतून ते किती जवळून ऐकू येतात, हे तिला माहीत नव्हतं.

“पुन्हा प्रयत्न करा.”

मग बाहेर शांत झालं. पण पावलं खाली गेली नाहीत. सिद्धम्मा दाराकडं बघत बसली. तिचा हात सुनेच्या मनगटावर तसाच होता.